वाचकांचे प्रश्न : पॉवर फुल्ल, तरी वायफाय गुल

या खेपेला आलेली निम्म्याहून जास्त पत्रं वायफायचीच निघाली, त्यामुळं इन्व्हर्टर आणि सोलर पंपवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "पॉवर फुल्ल करून बघितली पण फरक नाही." अहो, कित्येक ठिकाणी तीच तर भानगड आहे. चला, एकेक घेऊ.

सर, आमची अभ्यासिका आहे, दोन मजले, वरखाली मिळून शंभरेक पोरं बसतात, बहुतेक नीटची तयारी करणारी. चार ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) बसवलेत, दोन खाली दोन वर. चौघांची पॉवर हाय, चॅनल ऑटो, विड्थ ८०. नावं पण चार ठेवलीत, मुलं, मुली, ऑफिस आणि कॅमेरे. सकाळी सातला मस्त पळतं, दहाला हॉल भरला की लेक्चरचा व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. पोरं म्हणतात रेंज तर फुल्ल दाखवतंय. लाइन ३०० एमबीपीएसची आहे. पाचवा बसवू का?
— अभ्यासिका चालक, लातूर

पाचवा अजिबात नको. आहे त्या चारातलाच एक अर्धा बंद करायचाय, कसा ते सांगतो.

आधी लाइनचा हिशोब करून टाकू म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. लेक्चरचा व्हिडिओ ४८० वर बघितला तर एका पोराला एक-दीड एमबीपीएस लागतात, शंभर पोरं एकदम बघत बसली तरी दीडशे. म्हणजे ३०० ची लाइन पुरून उरते, घोडं अडतंय ते हवेत.

प्रत्येक ॲक्सेस पॉइंटमध्ये दोन रेडिओ असतात, एक २.४ गिगाहर्ट्झ बँडचा आणि एक ५ चा. चॅनल म्हणजे त्या बँडमधली एक गल्ली आणि विड्थ म्हणजे त्या गल्लीची रुंदी, मेगाहर्ट्झमध्ये. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बाकीचे सगळे, म्हणजे मोबाइल पण आणि ॲक्सेस पॉइंट पण, गप्प राहून आपली पाळी यायची वाट बघतात. आता तुमचे चारही फुल्ल पॉवरवर, सगळ्यांना सगळे ऐकू येतात आणि ८० ची विड्थ घेतली की आपल्याकडं ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारची कटकट (ती काय ते खाली संभाजीनगरच्या पत्रात) नसलेले चॅनल उरतात फक्त दोन, एक ३६ ते ४८ चा गठ्ठा आणि दुसरा १४९ ते १६१ चा. चार ॲक्सेस पॉइंट आणि चॅनल दोन, म्हणजे दोघं-दोघं एकाच चॅनलवर एकमेकांची वाट अडवून बसलेत. त्यात ऑटोनं कधी चौघांना एकाच गठ्ठ्यात टाकलं तर मग बोलायलाच नको. सकाळी सातला दहा पोरं असतात तेव्हा हे कळत नाही.

म्हणून विड्थ ४० करा. ४० केली की त्याच जागेत बरोबर चार चॅनल बसतात, ३६, ४४, १४९ आणि १५७. चौघांना एकेक वाटून द्या, हातानं, ऑटो बंद. खालच्या मजल्यावर ३६ आणि १४९, वरच्या मजल्यावर ४४ आणि १५७. एकट्या मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर आकडा आधीपेक्षा कमी येईल, तो बघून लगेच परत ८० करू नका. तुम्हाला एका पोराला ४०० द्यायचे नाहीत, शंभर पोरांना दोन-दोन द्यायचेत.

२.४ गिगाहर्ट्झला विड्थ २० च ठेवायची, तिथं वाद नाही. चॅनल म्हणायला १ ते १३ आहेत पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि एकेक चॅनल जागा खातो २० ची, त्यामुळं एकमेकांना न घासणारे धरले तर तीनच, १, ६ आणि ११. तुमच्याकडं रेडिओ चार. मग चौथ्याचा २.४ चा रेडिओ सरळ बंद करा, मी वर म्हणलो तो अर्धा हाच. त्याचं ५ गिगाहर्ट्झ चालूच राहील. काही हुशार मंडळी अशा वेळी "३ नंबर रिकामा दिसतोय" म्हणून ३ वर टाकतात. ते सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवर असलेले निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, ३ वाला मात्र १ ला पण घासतो आणि ६ ला पण, आणि त्याचं बोलणं दोघांनाही समजत नाही, त्यांच्या लेखी तो नुसता गोंगाट.

आता पॉवर. कीर्तनात महाराजांच्या हातात माइक असतो, त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जातो, पण शेवटच्या रांगेतल्या माणसानं तिथूनच काही विचारलं तर महाराजांना ते ऐकू येतं का? मोबाइलचं तेच आहे. मोबाइलची बॅटरी बारकी, ॲन्टेना बारका, त्याची पॉवर ॲक्सेस पॉइंटपेक्षा बरीच कमी. म्हणून रेंज फुल्ल दिसते आणि काम होत नाही, कारण रेंज म्हणजे मोबाइलला ॲक्सेस पॉइंट किती ऐकू येतो एवढंच, उलट्या बाजूचं ती काहीच सांगत नाही. आकडा लक्षात ठेवायचा असेल तर पॉवर डीबीएममध्ये मोजतात, २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट आणि पुढं दर ३ डीबीएम कमी केले की पॉवर निम्मी, १७ म्हणजे ५०, १४ म्हणजे २५. तुमच्या हॉलला ५ गिगाहर्ट्झवर १४ ते १७ आणि २.४ वर ८ ते १० पासून सुरुवात करा. २.४ मुद्दाम कमी ठेवायचं, ते भिंतीतून जास्त लांब जातं आणि दोन्ही सारखे ठेवले तर मोबाइल तिकडंच चिकटून बसतात.

अजून एक गोष्ट, जी फार कमी जण बघतात. तुमची चार नावं. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट प्रत्येक नावासाठी सेकंदाला साधारण दहा वेळा "मी आहे, मी आहे" अशी हाक मारतो, त्याला बीकन म्हणतात. चार ॲक्सेस पॉइंट गुणिले चार नावं गुणिले दहा, झाल्या सेकंदाला १६० हाका. आणि २.४ वर कमीत कमी डेटा रेट जुन्या पद्धतीनं १ एमबीपीएस असेल, बहुतेक असतोच, तर एका हाकेला अडीच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. चौघं एका चॅनलवर आले तर १६० हाकांना ४०० मिलिसेकंद गेले की हो. म्हणजे एकाही पोरानं मोबाइल उघडायच्या आधी हवेतला चाळीस टक्के वेळ नुसता हाकांत संपला! नावं दोनवर आणा, एक पोरांचं आणि एक ऑफिस-कॅमेऱ्याचं. मुलं-मुली वेगळी नावं ठेवून नेमकं काय साधतं ते मला तरी कळलं नाही. आणि सेटिंगमध्ये मिनिमम डेटा रेट १२ करा म्हणजे १, २, ५.५, ११ हे जुने रेट बंद होतील, एकेक हाक दहाव्या हिश्शात उरकेल.

सेटिंग केल्यावर तपासायचं ते दहा वाजता, हॉल भरलेला असताना. रिकाम्या हॉलचं मोजमाप कामाचं नाही, माणसांच्या अंगात पाणी असतं आणि पाणी सिग्नल खातं. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर टाइपचं कुठलंही ॲप घ्या (आयफोनवर असली ॲप नीट चालत नाहीत, ॲपल ती माहितीच देत नाही) आणि बाकाबाकावरून फिरा. प्रत्येक जागी एक तरी ॲक्सेस पॉइंट मायनस ६५ च्या आसपास दिसायला हवा (हा सिग्नलचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). मायनस ७५ दिसत असेल तर तिथल्या पुरतं दोन-तीन डीबीएम वाढवा, सगळीकडं नाही. बस्स.

दादा, आमचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. नवीन राउटर आणला, वायफाय ६ वाला, चांगला महागाचा. मोबाइल आणि लॅपटॉप झकास चालतात पण पट्टीचा प्रिंटर आणि अंगठा लावायची मशीन काही केल्या जोडून घेत नाही. जुन्या राउटरवर चालत होतं. दुकानदार म्हणतो प्रिंटरच बदला.
— जालना

प्रिंटर बदलू नका. ही असली मशीनं फक्त २.४ वाली असतात, नवीन राउटर मात्र दोन्ही बँडला एकच नाव देतो आणि वर सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वर असते, म्हणजे पासवर्ड तपासायची नवी पद्धत, जी त्या प्रिंटरनं जन्मात बघितलेली नाही.

त्यांच्यासाठी २.४ वर एक वेगळं नाव काढा. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस, विड्थ २०, चॅनल १-६-११ पैकी जो शेजारच्या दुकानांनी कमी भरलाय तो, आणि त्या २.४ रेडिओचा मोड एएक्स (म्हणजे वायफाय ६) असेल तर बीजीएन (जुन्या पद्धती) वर आणा, काही जुन्या चिपांना एएक्सच्या हाका वाचताच येत नाहीत. नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं टाकली की काही मशीनं गडबडतात. तुमचे मोबाइल-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ घेऊन सुखानं राहू द्या.

आणि सोयाबीनचा सीझन सुरू झाला की प्रिंटर पुन्हा कुरकुर करायला लागला तर सेटिंगला हात लावायच्या आधी बघा की राउटर आणि प्रिंटरच्या मधे हमालांनी पोत्यांची थप्पी तर लावली नाही ना. ओलसर माल असेल तर ती थप्पी भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. राउटर थप्पीच्या वर, उंचावर घ्या, पण पत्र्याला चिकटवून नको.

चिकलठाण्याकडं आमचं लॉज आहे. ५ गिगाहर्ट्झ मधेच गायब होतं, कधी मिनिटभर, कधी अर्धा तास. नावच दिसत नाही. नेटवाला पोरगा म्हणतो विमानतळाच्या रडारमुळं होतं, काही करता येत नाही. खरंय का?
— छत्रपती संभाजीनगर

अर्धं खरं. रडार बरोबर आहे, विमानतळाचं नाव उगाच घेतलं. विमानं दाखवणारी रडारं बहुतेक वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, ५ गिगाहर्ट्झमध्ये असतात ती मुख्यतः हवामानाची आणि संरक्षण खात्याची.

तुमचा ॲक्सेस पॉइंट ऑटोवर असणार आणि त्यानं ५२ ते १४४ मधला एखादा चॅनल धरलाय. या चॅनलांवर नियम असा की सुरू व्हायच्या आधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं, तुमचं मिनिटभर गायब होणं ते हे. मधेच रडारसारखं काही ऐकू आलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि पुढं ३० मिनिटं त्यावर यायचं नाही, हा तुमचा अर्धा तास. खरं रडार असायलाच पाहिजे असंही नाही, शेजारच्या एखाद्या खराब रेडिओच्या ठोक्यांना पण स्वस्तातले ॲक्सेस पॉइंट रडार समजून पळ काढतात. लॉगमध्ये बघा, रडार डिटेक्टेड अशी ओळ सापडेल.

"काही करता येत नाही" हे मात्र चूक. चॅनल हातानं ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला लावा, तिथं हा नियमच नाही. आणि कंट्री इंडियाच ठेवा. रडारपासून सुटका म्हणून दुसऱ्या देशाचं नाव टाकायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, ते कायद्यात बसत नाही आणि मोबाइलला न दिसणारे चॅनल लागले तर गिऱ्हाइकाची बोलणी तुम्हीच खाल.

नमस्कार सर. गावातल्या घरावरून शेतातल्या आखाड्यावर ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश लावून नेट नेलंय. अंतर दीड किलोमीटर. दोन्हीकडं १५ फुटी पाइप. तिकडं चार कॅमेरे आणि मोटारीचा स्टार्टर आहे. उन्हाळ्यात सिग्नल मायनस ५८ होता, आता गणपतीपासून मायनस ७४ वर आलाय आणि कॅमेरे अडकतात. पॉवर वाढवून बघितली, फार तर दोनाचा फरक पडला. मधे पाहुण्यांचा ऊस आहे, पण डिशवर चढून बघितलं तर समोरची डिश स्पष्ट दिसते. मग ऊस कसा आडवा येईल?
— माजलगाव तालुका

पत्र वाचून बरं वाटलं, कारण आकडे देऊन विचारणारे कमी. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, पाहुण्यांचा ऊस!

डोळ्याला दिसतं म्हणजे रेडिओला दिसतं असं नसतं. डोळ्याला सरळ रेघ पुरते. रेडिओची लहर त्या रेघेच्या भोवती फुगून जाते, दोन टोकांना निमुळती आणि मधोमध सगळ्यात जाड, त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. दीड किलोमीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ धरलं तर मधोमध त्याची त्रिज्या येते साधारण ४.४ मीटर. त्यातला निदान ६० टक्के मोकळा लागतो, म्हणजे २.६ मीटर, फुटात सांगायचं तर पावणेनऊच्या आसपास. आता तुमचा पाइप १५ फूट आणि पाहुण्यांचा ऊस भादव्यात १२ फुटांवर गेला असेल तर रेघ आणि शेंड्यामधे उरले तीन फूट. उन्हाळ्यात तोच ऊस गुडघ्याला असेल तेव्हा जवळपास अख्खा फुगवटा मोकळा होता म्हणून मायनस ५८ मिळत होतं. वरून पावसाचं पाणी पानावर, म्हणजे अजून भर.

१२ आणि ९ मिळून २१ होतात. रानाचा चढउतार आणि वाऱ्याला धरून पाइप २५ फुटांचा घ्या, दोन्हीकडं, तीन ताण देऊन. फक्त घरच्या बाजूला उंच केला तर ऊस कुठं आहे त्यावर अवलंबून. आखाड्याच्या जवळ असेल तर आखाड्याचाच पाइप महत्त्वाचा, ऊस त्या टोकाशी आहे आणि गावाकडचा चढवून तिथली रेघ फारशी वर जात नाही.

तोवर काय, तर रेडिओची विड्थ बघा. कंपनीकडून येताना कित्येकदा ती ८० वर असते. ती २० करा. विड्थ निम्मी केली की गोंगाट ३ डीबीनं कमी ऐकू येतो, ८० वरून २० म्हणजे दोनदा निम्मी, ६ डीबीचा फायदा, फुकट. पॉवर वाढवून तुम्हाला दोन मिळाले, इथं सहा मिळतायत. चार कॅमेऱ्यांना मिळून बारा-सोळा एमबीपीएस लागतील, २० ची विड्थ त्याला बक्कळ होते. सेटिंगमध्ये डिस्टन्स किंवा एसीके असा एक रकाना असतो, तो अंतरापेक्षा थोडा जास्त ठेवा, तुमच्यासाठी २ किलोमीटर. तो चुकून काही मीटरवर राहिला असेल तर पलीकडून पोच यायच्या आधीच रेडिओ "मिळालं नाही" म्हणून तेच परत पाठवत बसतो. चॅनल १४९ च्या पुढचे वापरा. लायसनची काळजी नको, ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर हा पट्टा घराबाहेर पण विनापरवाना वापरता येतो, पॉवरची मर्यादा पाळून, आणि कंट्री इंडिया ठेवली की ती मर्यादा रेडिओ स्वतःच बऱ्यापैकी सांभाळतो, फक्त डिशचा गेन (डिश सिग्नल किती एकवटते तो आकडा) बरोबर भरलेला पाहिजे.

पाइप बदलताना डिश पुन्हा जुळवावी लागेल. एकानं हळूहळू फिरवायची, दुसऱ्यानं मोबाइलवर आकडा वाचायचा, आणि आकडा चढून उतरायला लागला तरी अजून थोडं पुढं फिरवून बघायचं, कारण डिशच्या बाजूला पण छोटे लोब, म्हणजे सिग्नलच्या बारक्या फांद्या, असतात आणि पुष्कळ जण त्या खोट्या शिखरावरच नट आवळून खाली उतरतात. दीड किलोमीटरला मायनस ५८ म्हणजे तुमचं आधीचं जुळवणं ठीक होतं, तोच आकडा परत गाठायचा.

२५ फुटी लोखंडी पाइप उघड्या रानात उभा करताय, तर अर्थिंग केल्याशिवाय करू नका. वेगळा खड्डा, जाड तार, आणि केबलवर सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना. आभाळ गडगडायला लागलं की अडॅप्टर काढून ठेवायचा, आणि तशा वेळी पाइपजवळ जायचंच नाही. मराठवाड्यात वीज पडून माणसं-जनावरं जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमचा नांदेडला जुना माळवदाचा वाडा आहे, भिंती दोन-अडीच फुटी. राउटर बैठकीत आहे, आतल्या खोलीत काहीच येत नाही. सुनबाईचं घरून काम असतं. रिपीटर घ्यावा म्हणतोय.
— एक निवृत्त शिक्षक

सर, त्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जाणार नाही आणि जाऊ नये अशाच त्या बांधल्यात, उन्हाळ्यात त्याच तुम्हाला कूलरशिवाय झोपू देतात. रिपीटरनं रेंज दिसेल पण काम होणार नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो मग तेच पुढं बोलतो, त्यामुळं स्पीड निम्म्याच्या खाली जातो, आणि भिंतीच्या आत ठेवलात तर त्यालाच मुळात तुटकं ऐकू येणार.

केबल टाका. कॅट ६ ची बाहेर चालणारी केबल बैठकीतून माळवदावर आणि तिथून उजेडाच्या झरोक्यातून आत, भिंत फोडायची गरज नाही. पावसाचं पाणी केबलवरून आत ओघळू नये म्हणून झरोक्याच्या बाहेर तिला खाली एक झोल द्या. आत एक छोटा ॲक्सेस पॉइंट, नाव आणि पासवर्ड बैठकीतलाच, चॅनल मात्र वेगळा. बैठकीत ३६ असेल तर आत १४९. भिंती इतक्या जाड आहेत की एकमेकांना त्रास व्हायचा प्रश्नच नाही, इथं विड्थ खुशाल ८० ठेवा. वर लातूरला मी जे सांगितलं त्याच्या उलट आहे हे, पण तिथं शंभर पोरं एका हॉलमध्ये होती, इथं सुनबाई एकट्या आहेत.

सेवा केंद्र चालवतो. जुलै संपत आला की पीक विम्याला गर्दी होते आणि नेमकं तेव्हाच वायफाय स्लो होतं. चॅनल बदलून बदलून थकलो.
— हिंगोली जिल्हा

आधी वायफायवर आळ घेणं थांबवा. लॅपटॉपला केबल लावा आणि बघा. केबलवर पण तेवढंच रडत असेल तर दोष लाइनचा नाहीतर पोर्टलचा, शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो, त्याला तुमचा चॅनल काय करणार. वायफायवरूनच तपासायचं तर राउटरला पिंग करा, म्हणजे निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा, राउटरचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. तिथून दोन-पाच मिलिसेकंदात उत्तर येत असेल आणि ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गुगलच्या सर्व्हरला, वेळ लागत असेल तर रेडिओ ठणठणीत आहे. राउटरलाच पन्नास-शंभर लागत असतील तेव्हा मग चॅनलकडं या. आणि केंद्रातले कॉम्प्युटर जागेवरून हलत नाहीत तर ते वायफायवर आहेतच कशाला? त्यांना केबल टाका.

तुमच्या पत्रात खाली बारीक अक्षरात आहे की लाइट गेली-आली की काही दिवस बरं चालतं आणि मग परत बिघडतं. त्याचं कारण सोपं आहे. पुष्कळ घरगुती राउटर ऑटो चॅनल फक्त चालू होतानाच निवडतात. लाइट आली की अख्ख्या गल्लीतले राउटर एकदम उठतात, कुणाचं अजून काहीच चालू नसतं, मग जो तो "रिकामं दिसतंय" म्हणून बसेल तिथं बसतो. ती वाटणी नशिबानं काही दिवस बरी निघते, पुढं गर्दी झाली तरी तुमचा राउटर तिथंच बसून राहतो. इन्व्हर्टरवर घ्या आणि चॅनल हातानं लावा.

वायफाय ६ई चा राउटर अमेरिकेहून भाऊ आणणार आहे. घेऊ का?
— विद्यार्थी, परभणी

नको. ६ई म्हणजे ६ गिगाहर्ट्झ बँडवर पण चालणारं वायफाय ६. तिकडं ६ गिगाहर्ट्झमध्ये १२०० मेगाहर्ट्झ मोकळे आहेत, आपल्याकडं मे २०२५ मध्ये जो मसुदा निघाला तो फक्त खालच्या ५०० चा, ५९२५ ते ६४२५, तोही घरात कमी पॉवर आणि बाहेर अगदीच कमी पॉवर एवढ्यापुरता. तिकडचा राउटर तिकडच्याच चॅनलांवर बांधलेला असतो, काहींत तर देश बदलायची सोयच नसते. भावाला दुसरं काहीतरी आणायला सांगा.

वायफायचं नाव लपवून ठेवलं तर शेजारची पोरं वापरणार नाहीत ना?
— गृहिणी, धाराशिव

ताई, वापरतील. नाव लपवलं तरी तिथं वायफाय आहे हे ॲपमध्ये दिसतंच, उलट तुमचाच मोबाइल ते नाव शोधत गावभर विचारत फिरतो. नाव उघडं ठेवा, पासवर्ड बदला आणि बारा-चौदा अक्षरांचा ठेवा, मोबाइल नंबर किंवा मुलाचं नाव नको. डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता जोडून देणारं बटण सेटिंगमधून बंद करा. आणि नवा पासवर्ड पाहुण्यांच्या पोरांना सांगायचा नसेल तर गेस्ट नावाचं वेगळं वायफाय काढून द्या, सुट्टी संपली की ते बंद.